मणक्यातील स्क्रू अचूक बसवण्यासाठी रोबोटची मदत : आईच्या शस्त्रक्रियेसाठी ती घ्यावी का?

जांबोटीकर (धागाकर्ता)

सर्व सदस्यांना नमस्कार. माझी आई बासष्ट वर्षांची असून खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमच्या गावी राहते. गेल्या काही महिन्यांपासून चालताना तिच्या दोन्ही पायांत मुंग्या येतात, पोटऱ्या भरून येतात आणि थोडे अंतर गेल्यावर तिला बसावेच लागते. बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरे वाटते. बेळगावात एमआरआय काढला तेव्हा कमरेचा चौथा मणका पाचव्या मणक्यावर किंचित पुढे सरकला असून तेथे नसांची वाट अरुंद झाली आहे, असे निदान झाले. औषधे, फिजिओथेरपी आणि नसेजवळ दिलेले इंजेक्शन हे सगळे झाले, पण आराम टिकला नाही.

बेळगावच्या शल्यविशारदांनी नसांवरचा दाब मोकळा करून चार स्क्रू आणि दोन सळ्या बसवण्याचा सल्ला दिला आहे. नातेवाइकांच्या आग्रहाने आम्ही एका मोठ्या शहरातील रुग्णालयात दुसरे मत घेतले. तेथे हीच शस्त्रक्रिया रोबोटच्या मदतीने करावी असे सांगण्यात आले आणि त्यासाठी दीड लाखाच्या आसपास जादा खर्च सांगितला. ‘हाताने बसवलेला स्क्रू चुकू शकतो, रोबोटचा चुकत नाही’ असे तेथील समन्वयकांचे शब्द होते. आमची शेती थोडी आहे. पैसे उभे करता येतील, पण त्यासाठी काहीतरी विकावे लागेल. रोबोटमुळे स्क्रू खरोखर अधिक अचूक बसतो का, आणि आईसारख्या रुग्णाला त्या अचूकतेचा किती उपयोग होतो, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

मिरज_शल्यक

मी मिरजेत कण्याच्या शस्त्रक्रिया करतो. माझ्याकडे रोबोट नाही. प्रशिक्षणाच्या काळात मात्र मी रोबोट असलेल्या ठिकाणी काम केले आहे. माझे मत कोठून येते हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून हे आधी सांगितले.

मणक्याच्या पुढच्या बाजूला जाडजूड हाड असते आणि मागच्या बाजूला कमान असते. या दोहोंना जोडणारे हाडाचे दोन आखूड खांब असतात, त्यांना पेडिकल म्हणतात. स्क्रू मागून आत घालून या खांबातून पुढच्या हाडात न्यावा लागतो. खांबाच्या आतल्या अंगाला नसांची पिशवी असते, खालच्या कडेला लागून त्या पातळीची नस बाहेर पडते आणि स्क्रू फार पुढे गेला तर मोठ्या रक्तवाहिन्या असतात. छातीच्या मधल्या मणक्यांत हा खांब काही वेळा चार-पाच मिलिमीटर इतकाच रुंद असतो. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात मात्र तो साधारणपणे दहा मिलिमीटरहून रुंद असतो, आणि आपण तेथे साडेसहा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा स्क्रू घालतो. शिवाय मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीलाच संपतो. त्यामुळे आपल्या आईच्या बाबतीत धोका सुट्या नसांना असतो, मज्जारज्जूला नसतो. त्या नसाही जपाव्याच लागतात, पण चुकीला थोडी जागा असते.

स्क्रू किती अचूक बसला हे मोजण्यासाठी १९९० पासून गर्ट्झबाइन आणि रॉबिन्स यांची प्रतवारी वापरतात. स्क्रू पूर्णपणे हाडात असेल तर ‘अ’, दोन मिलिमीटरपर्यंत बाहेर डोकावत असेल तर ‘ब’, आणि तेथून पुढे दर दोन मिलिमीटरला एक पायरी खाली. ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही प्रती व्यवहारात स्वीकारार्ह मानल्या जातात, कारण एवढ्याने रुग्णाला सहसा त्रास होत नाही.

रोबोट स्वतः स्क्रू बसवत नाही. सीटी स्कॅनवर शल्यविशारद प्रत्येक स्क्रूचा मार्ग, लांबी आणि जाडी ठरवतो; यंत्राचा हात त्या मार्गाच्या रेषेत एक नळी स्थिर धरून ठेवतो; त्या नळीतून भोक पाडणे आणि स्क्रू पिळणे हे काम शल्यविशारदाचेच असते. त्यामुळे ‘रोबोटचा चुकत नाही’ हे विधान कोणीही केले असले तरी ते बरोबर नाही.

टिळकवाडी_वाचक

डॉक्टरसाहेब, आपल्या माहितीबद्दल आभार, पण निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही. २०१९ मध्ये चीनमधील हान आणि सहकाऱ्यांनी २३४ रुग्णांवर केलेली यादृच्छिक चाचणी (कोणता रुग्ण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून केलेली) प्रसिद्ध झाली. त्यात ‘टायरोबोट’ या यंत्राच्या मदतीने बसवलेले ९५.३ टक्के स्क्रू पूर्णपणे हाडात होते आणि क्ष-किरणाच्या साहाय्याने हाताने बसवलेल्यांपैकी ८६.१ टक्के. हा फरक लहान नाही. माझी स्वतःची आई असती तर मी ९५ टक्क्यांच्या बाजूला उभा राहिलो असतो.

मिरज_शल्यक

आपण दिलेले आकडे बरोबर आहेत. त्याच अभ्यासातील पुढची ओळही पाहावी. ‘अ’ आणि ‘ब’ एकत्र धरले, म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने स्वीकारार्ह स्क्रू मोजले, तर प्रमाण ९८.७ आणि ९३.५ टक्के होते. फरक तेथेही रोबोटच्या बाजूने आहे, आणि तो मी नाकारत नाही.

मात्र २०१२ मध्ये जर्मनीतील रिंगेल आणि सहकाऱ्यांनी साठ रुग्णांवर अशीच चाचणी केली होती. तेथे हाताने बसवलेल्या ९३ टक्के स्क्रूंची जागा चांगली होती आणि रोबोटच्या मदतीने बसवलेल्या ८५ टक्क्यांची, म्हणजे निकाल उलटा लागला. ते यंत्र सुरुवातीच्या पिढीचे होते. इस्रायलच्या टेक्नियन संस्थेतील प्रा. मोशे शोहम यांच्या कामातून २००१ मध्ये माझोर ही कंपनी निघाली, तिचे ‘स्पाइनअसिस्ट’ हे पहिले यंत्र. ते छोटे यंत्र रुग्णाच्या हाडाशी जोडलेल्या चौकटीवर बसवत असत, आणि मणक्याच्या बाजूच्या सांध्याच्या उतारावर नळीचे टोक किंवा भोक पाडणारे हत्यार घसरून मार्ग बाहेरच्या अंगाला जाई. नंतरच्या यंत्रांत हात मोठा आणि भक्कम झाला, तो शस्त्रक्रियेच्या टेबलाला किंवा जमिनीवरच्या जड पायाला धरून राहतो, आणि हत्याराचे टोक कोठे आहे हे पडद्यावर दिसत राहते. त्यामुळे निकाल सुधारले. तात्पर्य, ‘रोबोट’ म्हटल्यावर कोणत्या पिढीचे यंत्र आणि कोणाच्या हातात, हे विचारल्याशिवाय टक्केवारीला अर्थ राहत नाही.

उद्यमबाग_यंत्रकार

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. बेळगावच्या उद्यमबागेत आमचे मशीन शॉप आहे आणि ओतीव भागांना ठरल्या जागी भोके पाडण्यासाठी लागणाऱ्या चौकटी, म्हणजे जिग, मी स्वतः तयार करतो. डॉक्टरांनी नळी घसरण्याचे जे वर्णन केले ते वाचून मला राहवले नाही, कारण ही अडचण आम्हाला रोज भेटते.

जिगमध्ये कडक पोलादाची बुश, म्हणजे आखूड नळी, असते आणि ड्रिल तिच्यातून जाते, म्हणून भोक ठरलेल्या दिशेने पडते. पण कास्टिंगचा पृष्ठभाग तिरपा असेल तर ड्रिलचे टोक लागताच उताराकडे सरकते. बुश कितीही अचूक असली तरी ड्रिल वाकते आणि भोक तिरके जाते. यावर आमच्याकडे दोनच उपाय असतात. एक तर बुश पृष्ठभागाच्या अगदी जवळ आणायची, नाही तर आधी त्या जागी एंड मिलने लहानसा सपाट भाग करून घ्यायचा. दुसरी गोष्ट डेटमची. आमची सर्व मापे ज्या पृष्ठभागावरून घेतलेली असतात तो पृष्ठभाग जरा हलला, तर पुढची सगळी भोके एकमेकांशी जुळतात आणि तरीही एकजात चुकीच्या जागी पडतात. ती चूक फार उशिरा कळते, कारण यंत्र आपले काम बिनचूकच करीत असते.

माझा प्रश्न असा की शस्त्रक्रियेत डेटम कोणता असतो, आणि तो हलला तर कसे कळते?

शस्त्रागार_ताई

उद्यमबागकर दादा, आपला प्रश्न अगदी वर्मावर आहे. मी अनेक वर्षे शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून काम करते आणि रोबोट असलेल्या ठिकाणी काही काळ होते.

रुग्णाला पालथे झोपवल्यावर कमरेच्या हाडात किंवा मणक्याच्या मागच्या काट्यावर एक खूण-चौकट पक्की बसवतात. त्या चौकटीवरचे चकाकणारे गोळे कॅमेऱ्याला दिसतात आणि त्यावरून यंत्राला रुग्णाचे शरीर कोठे आहे हे समजते. आपला डेटम तोच. त्यानंतर आधी काढलेला सीटी स्कॅन आणि टेबलावर काढलेले क्ष-किरण चित्र यांची जुळवणी करतात, किंवा टेबलावरच नवा स्कॅन काढतात. आधीचा स्कॅन उताणे झोपून काढलेला असतो आणि पालथे झोपल्यावर मणक्यांची एकमेकांशी असलेली ठेवण बदलते, म्हणून काही यंत्रे प्रत्येक मणक्याची जुळवणी वेगळी करतात.

चौकटीला कोणाचा कोपर लागला किंवा कापड ओढले गेले तरी मापे बिघडू शकतात. म्हणून चांगले शल्यविशारद मधूनमधून हत्याराचे टोक हाडाच्या ओळखीच्या उंचवट्यावर टेकवतात आणि पडद्यावर ते तेथेच दिसते का हे पडताळतात. हे पडताळणे जेथे सवयीचे आहे तेथे यंत्राचा लाभ मिळतो. माझ्या पाहण्यातील एका ठिकाणी घाईत हे राहून गेले होते, आणि सुदैवाने क्ष-किरणात वेळीच लक्षात आल्यामुळे स्क्रू काढून पुन्हा बसवावा लागला.

यंत्राच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. लहान छिद्रांतून स्क्रू बसवताना हाताच्या पद्धतीत सी-आर्मची (टेबलाशेजारच्या क्ष-किरण यंत्राची) चित्रे वारंवार काढावी लागतात. शिशाचा एप्रन घालून आम्ही सगळे तेथेच उभे असतो, आणि ते किरण वर्षानुवर्षे अंगावर घेतो. रोबोटमुळे कर्मचाऱ्यांना लागणारे किरण कमी होतात. रुग्णाच्या बाबतीत मात्र सीटी स्कॅनचे किरणही हिशेबात धरावे लागतात.

मिरज_शल्यक

ताईंनी नेमके सांगितले. उताराच्या प्रश्नावर आमचा उपायही यंत्रकारांसारखाच आहे. ‘बर’ या वेगाने फिरणाऱ्या, हाड घासणाऱ्या हत्याराने आधी हाडावर छोटी सपाट जागा करून घेतली तर टोक घसरत नाही.

वडगावची_सून

माझ्या सासऱ्यांना वडगावच्या यंत्रमागावर आयुष्यभर काम करून असाच त्रास झाला होता. त्यांची शस्त्रक्रिया बेळगावातच, रोबोटशिवाय झाली. नंतर काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये चारही स्क्रू व्यवस्थित होते, आणि ते आता रोज सकाळी शहापूरच्या बाजूला फिरायला जातात. एका रुग्णावरून नियम निघत नाही हे मला माहीत आहे. तरीही ‘हाताने केले म्हणजे चुकले’ अशी भीती धागाकर्त्याने मनात ठेवू नये, एवढ्यासाठी लिहिले.

हिंदवाडीचे_पालक

आमचा अनुभव वेगळ्या टोकाचा आहे. आमच्या मुलीचा पाठीचा कणा वाढीच्या वयात वाकडा झाला होता आणि छातीच्या अनेक मणक्यांत स्क्रू बसवावे लागले. वाकलेल्या कण्यात मणके फिरलेले असतात, आतल्या बाजूचे खांब फार बारीक असतात आणि शेजारीच मज्जारज्जू असतो. तेथे आम्ही संगणकीय मार्गदर्शन असलेलेच रुग्णालय निवडले.

त्या वेळी वाचलेला एक भारतीय अभ्यास येथे उपयोगी पडेल. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी वाकड्या कण्याच्या तेहेतीस रुग्णांवर चाचणी केली आणि ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. छातीच्या मणक्यांत मार्गदर्शनाशिवाय बसवलेल्या स्क्रूंपैकी २३ टक्के हाडाबाहेर डोकावले, तर संगणकीय मार्गदर्शनाने बसवलेल्यांपैकी केवळ २ टक्के. त्यात रोबोटचा हात नव्हता, मार्ग पडद्यावर दाखवणारी यंत्रणाच होती. एवढा मोठा फरक पाहून आमचा निर्णय झाला. आपल्या आईंच्या कमरेच्या एकाच पातळीवर हा फरक तेवढा असेल असे मला वाटत नाही.

टिळकवाडी_वाचक

पालकांनी मांडलेला मुद्दा मला मान्य आहे. हान यांच्या अभ्यासाचा आकडा मी आईंच्या कमरेला सरळ लावला होता. रुग्णागणिक तो वेगळा पाहायला हवा. तरीही शहरातील रुग्णालय परवडत असेल तर जादा सुरक्षिततेला नाही का म्हणावे, हा माझा प्रश्न कायम आहे.

शहापूर_निवृत्त_शिक्षक

सर्वांनी स्क्रू कसा बसवावा यावर विचार केला आहे. मला एक पायरी मागे जावेसे वाटते. मणका फक्त किंचित सरकला आहे आणि मुख्य त्रास नसा दबल्यामुळे आहे. मग स्क्रू लागतातच का? नुसता दाब मोकळा करून भागणार नाही का? माझ्या थोरल्या बंधूंच्या बाबतीत हाच प्रश्न आम्ही विचारला होता आणि त्यांना स्क्रूंची गरज पडली नाही.

मिरज_शल्यक

गुरुजी, आपण या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारलात. पहिल्या प्रतिसादात मीच तो मांडायला हवा होता असे मला वाचताना वाटले, कारण स्क्रूची अचूकता हा दुसरा प्रश्न आहे.

वयोमानाने चौथा मणका पाचव्यावर सरकणे हे पन्नाशीनंतरच्या स्त्रियांत बरेच आढळते. अशा रुग्णांत दाब मोकळा करण्यासोबत स्क्रू घालून मणके जोडावेत का, यावर २०१६ मध्ये एकाच नामांकित वैद्यकीय नियतकालिकात दोन चाचण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. स्वीडनच्या २४७ रुग्णांच्या चाचणीत (त्यांतील १३५ जणांचा मणका सरकलेला होता) दोन वर्षांनंतर मणके जोडल्याचा वेगळा लाभ दिसला नाही. अमेरिकेच्या ६६ रुग्णांच्या चाचणीत जोडणी केलेल्यांना शारीरिक कार्यक्षमतेत थोडा अधिक लाभ दिसला. नंतर २०२१ मध्ये नॉर्वेतील सोळा रुग्णालयांत २६७ रुग्णांवर केलेली चाचणी आली. दोन वर्षांनी समाधानकारक सुधारणा झालेल्यांचे प्रमाण नुसता दाब मोकळा केलेल्यांत ७१.४ टक्के होते आणि जोडणीही केलेल्यांत ७२.९ टक्के. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण पहिल्या गटात १२.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ९.१ टक्के होते.

याचा अर्थ स्क्रू कोणालाच नको, असा मी काढणार नाही. पुढे-मागे वाकल्यावर मणका स्पष्ट हलत असेल, कंबरदुखी पायांच्या दुखण्याइतकीच तीव्र असेल, किंवा दाब मोकळा करण्यासाठी सांध्याचा बराच भाग काढावा लागणार असेल, तर जोडणीची बाजू जड होते. म्हणून धागाकर्त्यांनी दोन्ही डॉक्टरांना विचारावे : उभे राहून, पुढे वाकून आणि मागे वाकून काढलेले एक्स-रे काय दाखवतात, आणि त्या आधारे आईला जोडणी का हवी? ज्या ठिकाणी या प्रश्नाचे सविस्तर उत्तर मिळेल, ते ठिकाण माझ्या लेखी यंत्र असलेल्या ठिकाणापेक्षा वरचे आहे. नको असलेला स्क्रू अर्ध्या मिलिमीटरइतका अचूक बसवला तरी तो नको असलेलाच राहतो.

निपाणी_तंबाखूवाला

आमच्या घरात तीन पिढ्या तंबाखूचा व्यापार झाला, म्हणून हे मुद्दाम लिहितो. जांबोटीकर दादा, आई मिश्री लावतात का? आपल्या भागातील पुष्कळ मोठ्या बायका लावतात आणि डॉक्टरांनी धूम्रपानाबद्दल विचारले तर सरळ ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्रीला कोणी व्यसन समजत नाही. माझ्या मावशींच्या मणक्यांची जोडणी सांधायला फार वेळ लागला, आणि त्यानंतर डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा मिश्रीचा विषय निघाला. मिश्रीमुळेच तसे झाले असे मी ठामपणे म्हणू शकत नाही, पण डॉक्टरांना ते आधी ठाऊक असायला हवे होते.

मिरज_शल्यक

निपाणीकरांनी फार मोलाची सूचना केली. स्क्रू फक्त तात्पुरता आधार देतात. पुढे काही महिन्यांत हाड हाडाला सांधले तरच ती जोडणी टिकते. ते सांधले नाही तर स्क्रू ढिले होतात किंवा मोडतात, मग ते यंत्राने बसवलेले असोत की हाताने. धूम्रपान करणाऱ्यांत सांधण्याचे प्रमाण कमी असते याचा पुरावा भक्कम आहे. मिश्रीतूनही निकोटिन रक्तात जाते, म्हणून मी ती शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून आणि नंतरचे काही महिने बंद ठेवायला सांगतो. त्याचबरोबर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्यावी. हाड ठिसूळ असेल तर स्क्रूची पकडच कमी असते आणि त्यावर औषधोपचार किंवा सिमेंट भरता येणारे स्क्रू यांचा विचार आधी करावा लागतो. मधुमेह असल्यास साखरही आटोक्यात हवी.

कागदपत्रे_नीट_ठेवा

खर्चाबद्दल थोडे लिहितो. कर्नाटकात आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजनेखाली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. इतर कुटुंबांना पॅकेजच्या (योजनेने त्या उपचारासाठी ठरवलेल्या दराच्या) ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत, मिळू शकते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषकांना देण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटक शासनाने त्याला विरोध केला, हे आपणा सर्वांना माहीत आहे. या राजकीय वादात न पडता एकच सांगतो : आपले गाव त्या यादीत आहे का, आणि कोल्हापूर किंवा मिरजेच्या ज्या रुग्णालयात जायचे आहे ते योजनेत आहे का, हे दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्रांना विचारून घ्या. दोन्ही योजनांत पॅकेजचे दर ठरलेले असतात, त्यामुळे यंत्राचा जादा आकार त्यात धरला आहे का हे लेखी मागा.

खासगी आरोग्यविमा असेल तर विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट वगळता येत नव्हती, पण कंपनी त्यावर वेगळी मर्यादा घालू शकत होती. आता काय लागू आहे यासाठी पॉलिसीतील ‘आधुनिक उपचार’ हा भाग पाहा.

कडोली_शेतकरी

मला हा सगळा प्रकार रुग्णालयांच्या जाहिरातीचा वाटतो. एवढे महागडे यंत्र घेतले की त्याचा खर्च कोणाकडून तरी वसूल करावाच लागतो, आणि तो आपल्यासारख्या ऊस-बटाटा पिकवणाऱ्यांच्या खिशातून होतो.

हिंदवाडीचे_पालक

कडोलीकर काका, आपला राग मी समजू शकतो, कारण आम्हालाही एका ठिकाणी माहितीपेक्षा पत्रकेच अधिक मिळाली. तरीही ‘सगळा’ हा शब्द मला मान्य नाही. वाकड्या कण्यात, एकदा शस्त्रक्रिया होऊन रचना बदललेल्या कण्यात, किंवा अतिशय लठ्ठ रुग्णात, जेथे सी-आर्मवर मणके नीट दिसत नाहीत, तेथे अशा साधनांनी माणसांचे पाय वाचतात. साधन वाईट नाही. ते प्रत्येकाला आवश्यकच आहे असे सांगणे चुकीचे आहे.

शस्त्रागार_ताई

काकांच्या मुद्द्याला धरून आणखी एक गोष्ट सांगते. आपल्या भागात संमतिपत्र पुष्कळदा कन्नड किंवा इंग्रजीत असते आणि सही करणाऱ्या आईला फक्त मराठी वाचता येते. संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत समजावून मिळणे हा तिचा हक्क आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री घाईने नको, दोन दिवस आधी मागा. ‘रोबोटची जुळवणी झाली नाही तर शस्त्रक्रिया हाताने पूर्ण केली जाईल’ असे वाक्य त्यात असते का पाहा, आणि असेल तर त्या शल्यविशारदांना हाताने स्क्रू बसवण्याचा किती सराव आहे हे मोकळेपणाने विचारा. यंत्र मध्येच बाजूला ठेवावे लागणे हे घडते, आणि त्या क्षणी रुग्णाला तारणारा तो सरावच असतो.

जांबोटीकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मिरजेच्या डॉक्टरसाहेबांनी सुचवलेले प्रश्न घेऊन मी दोन्हीकडे गेलो.

बेळगावच्या डॉक्टरांनी पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे पडद्यावर शेजारी-शेजारी लावून दाखवले. आई पुढे वाकते तेव्हा चौथा मणका उभे असतानापेक्षा स्पष्टपणे अधिक पुढे जातो. तिची कंबरही पायांइतकीच दुखते. म्हणून नुसता दाब मोकळा केला तर सरकणे वाढण्याची भीती वाटते, असे त्यांचे म्हणणे पडले. नॉर्वेच्या अभ्यासाविषयी विचारल्यावर ते रागावले नाहीत. आईचा मणका एवढा हलत नसता तर त्यांनीही स्क्रूंशिवाय शस्त्रक्रिया सुचवली असती, असे ते म्हणाले. स्क्रू ते सी-आर्मखाली बसवतात, प्रत्येक भोकात बारीक गोल टोकाची सळी घालून हाडाच्या चारही भिंती शाबूत आहेत का हे हाताने चाचपतात, आणि गरज वाटल्यास नंतर सीटी स्कॅन करतात.

शहरातील रुग्णालयात वाकवून एक्स-रे काढलेच नव्हते. यंत्राविषयी त्यांनी पुष्कळ माहिती दिली, पण जोडणी का हवी याचे उत्तर ‘मणका सरकला आहे म्हणून’ एवढेच मिळाले.

आई मिश्री लावते. मी विचारल्यावर तिने डबी सुनेच्या हाती दिली. डेक्सा पुढच्या आठवड्यात आहे. हाडे ठीक निघाली तर शस्त्रक्रिया बेळगावातच करण्याचे आम्ही ठरवले आहे. डेक्साचा अहवाल खराब आला तर मात्र पुन्हा येथे विचारीन.

टिळकवाडी_वाचक

निर्णय पटला. शहराच्या बाजूने मीच आग्रह धरला होता, पण ज्या ठिकाणी साधे वाकवलेले एक्स-रे काढले नाहीत तेथे ९५ टक्क्यांचा आकडा मलाही पुरेसा वाटला नसता.

मिरज_शल्यक

योग्य दिशेने चालला आहात. डेक्सामध्ये टी-स्कोअर (हाडांची घनता दाखवणारा आकडा) उणे अडीचच्या खाली आला तर शस्त्रक्रियेची घाई करू नका, आधी हाडांच्या औषधांबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला. मात्र मधल्या काळात लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूची संवेदना गेली किंवा पायाचा पंजा उचलता येईनासा झाला, तर कोणत्याही अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी बेळगाव गाठा.

शस्त्रागार_ताई

जाताना एमआरआय आणि एक्स-रे यांची फक्त छापील फिल्म नेऊ नका, सीडीही सोबत ठेवा. फिल्मवर मोजकीच चित्रे असतात आणि स्क्रूची लांबी-जाडी ठरवताना डॉक्टरांना सगळी चित्रे संगणकावर पाहावी लागतात.